जावा: तीन डायमेन्शनचा ॲरे फिरवताना लूप २०१९ च्या ऑगस्टला येऊनच मरतोय

आयर्विनचा_पोरगा (सांगली)

नमस्कार मंडळी, सेकंड इयरला आहे, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत मिनी प्रोजेक्ट चाललाय आणि दोन दिवस झाले एकाच जागी अडकलोय. मोबाईलवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून कोड पण देवनागरीतच टाकतोय, समजून घ्या, लॅपटॉपवर तो नेहमीसारखा इंग्रजीतच आहे.

विषय असा की आमचे आजोबा गेली कित्येक वर्षं पावसाळ्यात रोज सकाळी आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेची पाणीपातळी बघून येतात आणि वहीत लिहितात. जून ते सप्टेंबर, रोज एक आकडा. त्यातली २००५ ते २०२१ अशी सतरा वर्षं मी टाईप करून एका टेक्स्ट फाईलमध्ये घातली, एका ओळीत एक तारीख आणि एक आकडा. नंतर ते ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या क्रमवार यादीत, घेतलं:

डबल[][][] पाणी = न्यू डबल[१७][४][];

डबल म्हणजे दशांश आकडा. पहिला कंस वर्ष, दुसरा महिना, तिसरा दिवस. तिसऱ्या कंसात काही लिहिलं नाही कारण महिन्याला जेवढ्या ओळी तेवढ्याच लांबीचा ॲरे फाईल वाचताना बनवतोय.

आता अडचण. आधी दिवसाचा लूप (तेच काम परत परत करणारा कोड) ३१ पर्यंत फिरवला तर पहिल्याच जूनमध्ये एरर, इंडेक्स ३० आऊट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ३०, म्हणजे शून्यापासून मोजलेला जागेचा नंबर ॲरेच्या लांबीबाहेर गेला. बरं जूनला तीसच दिवस, माझं चुकलं. म्हणून मग पाणी[०][०].लेंग्थ घातलं. ते मस्त चाललं २०११ पर्यंत, आणि २०१२ ला नल पॉइंटर, म्हणजे जागा आहे पण आत काहीच नाही अशी एरर. त्या वर्षी आजोबा पुण्याला आत्याकडं होते, वही कोरी आहे. तिथं नलचा इफ टाकला. मग परत चाललं आणि २०१९ च्या ऑगस्टला मेलं, इंडेक्स ५ आऊट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ५. कारण त्या महिन्यात पाचच नोंदी आहेत, सहा तारखेला आम्ही घर सोडून मिरजेला मावशीकडं गेलो, पुढं महापूर आला ते सगळ्यांना माहितीच आहे.

शेवटी वैतागून आतल्या लूपमध्ये ट्राय कॅच (एरर पकडून गप्प करणारा कोड) टाकला. आता एरर येत नाही, पण नोंदी मोजल्या तर १८९५ येतात आणि फाईलमध्ये ओळी आहेत १९२६. ३१ नोंदी कुठं गेल्या कळंना.

दुसरं म्हणजे फॉर-ईच (इंडेक्स न लिहिता एकेक आकडा हातात देणारा लूप) लावून प्रत्येक आकडा बारानं गुणून इंचात करायला गेलो, छापून बघितलं तर आकडे जसेच्या तसे फुटात. आणि पूर्ण ॲरे एकदम प्रिंट केला तर [[[डी@ आणि पुढं काहीतरी कचरा येतो. सोमवारी व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे, कुणीतरी सांगा.

---

कराडकर_कोडर

भावा पहिलं काम, तो ट्राय कॅच काढ. एरर तुला ओरडून सांगत होती की कुठं चुकतंय, तू तिचं तोंड दाबलंस आणि आता विचारतोयस की बोलत का नाही.

तुझ्या ३१ नोंदी कुठं गेल्या ते सांगतो. तू सगळ्या महिन्यांना जूनची लांबी लावलीस, पाणी[०][०] म्हणजे २००५ चा जून, त्याचे दिवस तीस. मग जुलै आणि ऑगस्टची ३१ तारीख कुणी वाचलीच नाही, आणि त्यात एरर पण येत नाही कारण कमी फिरलं तर जावाला काय फरक पडतोय. सोळा वर्षांचे सोळा जुलै, आणि २०१९ सोडून पंधरा ऑगस्ट, झाले ३१. योगायोग बघ, ३१ तारखेच्या ३१ नोंदी. खरं तर ही चूक त्या आऊट ऑफ बाउंड्सपेक्षा वाईट, ती निदान मरते तरी, ही गप्प राहून खोटं उत्तर देते.

आता मूळ गोष्ट. जावात तीन डायमेन्शनचा ॲरे असा काही एकसंध डबा नसतो. ॲरेत ॲरे, त्यात ॲरे, एवढंच. सतरा वह्यांचं कपाट समज, प्रत्येक वहीत चार पानं, आणि पानावर किती ओळी लिहिल्यात ते ज्या त्या पानालाच माहीत. पहिल्या वहीचं पहिलं पान बघून सतराव्या वहीच्या तिसऱ्या पानावर किती ओळी असतील हे तू ठरवायलास. म्हणून लांबी दर वेळी ज्याच्यावर उभा आहेस त्यालाच विचारायची:

फॉर (इंट व = ०; व < पाणी.लेंग्थ; व++) {
  फॉर (इंट म = ०; म < पाणी[व].लेंग्थ; म++) {
    इफ (पाणी[व][म] == नल) कंटिन्यू;
    फॉर (इंट द = ०; द < पाणी[व][म].लेंग्थ; द++) {
      नोंदी++;
    }
  }
}

बघ, तिन्ही लूपमध्ये लेंग्थच्या आधी जे आहे ते वेगळं आहे. आत गेलं की एक कंस वाढतो. हे एकदा हाताला बसलं की ना ३१ लागतं ना ३०. ऑगस्ट २०१९ पाच वेळा फिरेल आणि पुढं जाईल.

नल का आला ते पण समजून घे, व्हायवात नक्की विचारतील. न्यू डबल[१७][४][] लिहिलंस की जावा सतरा वर्षं आणि त्यात चार चार महिन्यांच्या जागा तयार करतो, पण महिन्याच्या जागेत नुसता नल. तू फाईल वाचताना भरशील तेवढे भरणार. २०१२ ला भरायला काही नव्हतं, तिथं चारही नल राहिले. चौदाच्या पुढचा जावा असेल तर एररमध्ये नेमकं काय नल होतं ते पण लिहून येतं, चौदामध्ये ते वेगळं चालू करायला लागायचं, पंधरापासून आपोआप आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये आठ असेल तर मात्र नुसता लाईन नंबर मिळणार.

---

कंदीपेढा_सातारा

एवढं कशाला, सरळ न्यू डबल[१७][४][३१] कर ना, चौकोनी ॲरे, सगळीकडं ३१, ना नल ना बाउंड्सची भानगड, लूपमध्ये डोळे झाकून ३१ टाक.

---

कराडकर_कोडर

डोळे झाकूनच लिहिलंयस हे. चौकोनी केलं की १७ गुणिले ४ गुणिले ३१ म्हणजे २१०८ जागा होतात, नोंदी आहेत १९२६. उरलेल्या १८२ जागांत जावा स्वतःहून ०.० भरतो. म्हणजे ३१ जूनला आणि अख्ख्या २०१२ ला कृष्णेत पाणीच नव्हतं असा अर्थ झाला, आणि सरासरी काढली की ती खाली येणार. शून्य पाणी आणि नोंद नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बाबा.

---

कंदीपेढा_सातारा

हं, सरासरीचं लक्षात नाही आलं. मागं घेतो.

---

हळद_आणि_हॅशमॅप

मी शिकवते, त्यामुळं जरा मास्तरीण होऊन लिहिते, राग मानू नकोस.

लूपचं वर दादांनी नीट सांगितलंय. फॉर-ईचचं मी सांगते. तू असं काहीतरी लिहिलं असशील:

फॉर (डबल[][] वर्ष : पाणी)
  फॉर (डबल[] महिना : वर्ष)
    फॉर (डबल नोंद : महिना)
      नोंद = नोंद * १२;

इथं नोंद हा वेगळा डबा आहे. दर फेरीला महिन्यातला आकडा त्या डब्यात उतरवून घेतला जातो, तू डब्यातला आकडा गुणतोस, पुढच्या फेरीला डब्यात दुसरा आकडा येतो, मूळ महिन्याला पत्ताच नाही. वहीतला आकडा तळहातावर लिहून तळहातावर खाडाखोड केल्यासारखं झालं. पण एक गंमत बघ, वरच्या दोन पातळ्यांवर तसं होत नाही. महिना हा ॲरे आहे, म्हणजे त्यात पत्ता उतरतो, पत्ता मूळ पानाचाच. म्हणून महिना[द] = महिना[द] * १२ असं इंडेक्स घेऊन लिहिलंस तर खऱ्या ॲरेत बदल होतो. बाहेरचे दोन लूप फॉर-ईच आणि सगळ्यात आतला साधा इंडेक्सचा, हे माझं आवडतं मिश्रण, वाचायला हलकं जातं. नुसतं वाचायचं, बेरीज, कमाल, किमान, मोजणी, तर तिन्ही फॉर-ईच ठेव, बाउंड्सची चूक करायची सोयच राहत नाही. ही सोय जावा पाचपासून म्हणजे २००४ पासून आहे तरी मुलं परीक्षेत आय जे के लिहीत बसतात. नलचा इफ मात्र तिथंही लागेल, नल महिन्यावर फॉर-ईच लावलंस तर तसाच मरेल.

[[[डी@ हा कचरा नाही. तीन कंस म्हणजे तीन पातळ्यांचा ॲरे, डी म्हणजे आत डबल, ॲटच्या पुढचा हॅशकोड. एक कंस कमी दिसला तर समजायचं आपण एक पातळी आत आलोय, डिबग करताना कामाला येतं. आकडे बघायचे तर ॲरेज.डीपटूस्ट्रिंग(पाणी). नुसतं ॲरेज.टूस्ट्रिंग लावलंस तर ते एकच पातळी उघडतं आणि आत परत कंसच दिसतात, यात दर वर्षी निम्मा वर्ग अडकतो.

आता मला एक सांग. फाईलमध्ये आकडे कसे लिहिलेत? ४१ फूट ६ इंच असेल तर काय टाईप केलंस?

---

आयर्विनचा_पोरगा

ताई वहीत आजोबांनी ४१.६ असं लिहिलंय तसंच टाईप केलं. म्हणून तर डबल घेतला.

---

हळद_आणि_हॅशमॅप

मला हीच भीती होती. सगळा प्रोजेक्ट इथं बुडतोय, लूपमध्ये नाही.

आजोबांचं बरोबर आहे, आपल्याकडं पातळी फूट इंचातच सांगतात आणि टिंब म्हणजे नुसती मधली खूण. पण डबलला ते कळत नाही. ४४ फूट ११ इंच म्हणजे तुझ्याकडं ४४.११, आणि ४४ फूट ६ इंच म्हणजे ४४.६. यातलं मोठं कुठलं? आजोबा म्हणतील पहिलं, जावा म्हणेल दुसरं. ४४ फूट १० इंच तर ४४.१० लिहिलंस तरी डबलमध्ये ४४.१ होतं, म्हणजे एक इंच आणि दहा इंच एकच झाले, आणि एकदा झाले की परत वेगळे करता येत नाहीत. आणि ४१.६ ला बारानं गुणलंस तर ४९९.२ येतं, खरं उत्तर ४९८. तुझा फॉर-ईच चालला नाही ते बरंच झालं म्हणायचं.

आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. तुला पुढं धोक्याचे दिवस मोजायचेच असणार, तेव्हा ४० आणि ४५ च्या आसपासचा एकेक इंच महत्त्वाचा.

म्हणून ॲरे इंटचा (पूर्णांकांचा) कर आणि सगळं इंचात ठेव. इशारा ४८०, धोका ५४०. ओळीतला आकडा स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणूनच वाच, स्प्लिटनं टिंबावर तोड, डावीकडचं गुणिले बारा अधिक उजवीकडचं. छापताना परत फूट इंच कर, बारानं भागून भागाकार फूट आणि बाकी इंच.

एक खड्डा सांगून ठेवते. स्प्लिटला नुसतं टिंब दिलंस तर रिकामा ॲरे मिळतो, कारण स्प्लिट रेग्युलर एक्सप्रेशन (अक्षरांचा नमुना) घेतं आणि तिथं टिंबाचा अर्थ कुठलंही अक्षर असा होतो, म्हणजे प्रत्येक अक्षरच तोडणारी खूण ठरतं. टिंबाच्या आधी दोन उलट्या तिरक्या रेघा लागतात.

---

कंदीपेढा_सातारा

आता तरी मला बोलू द्या. इंट केलंस की सगळ्यात वरची पातळी काढायला तीन लूप कशाला, एका ओळीत:

ॲरेज.स्ट्रीम(पाणी).फ्लॅटमॅप(ॲरेज::स्ट्रीम).फिल्टर(ऑब्जेक्ट्स::नॉननल).फ्लॅटमॅपटूइंट(ॲरेज::स्ट्रीम).मॅक्स()

पहिल्या फ्लॅटमॅपनं वर्षांची भिंत पडते, मग नल महिने गाळले जातात, मग दिवसांची भिंत पडते, एकच लांबलचक रांग होते. हे जावा आठपासून, २०१४ ला आलं. ऑफिसात मी असंच लिहितो. मॅक्सच्या जागी काउंट लाव, १९२६ येतात का बघ, आले तर तुझी फाईल नीट वाचली गेली.

---

हळद_आणि_हॅशमॅप

छान आहे, आणि काउंटची युक्ती तर करच. पण एका रांगेत घातलं की तारीख गेली. किती पाणी ते कळेल, कधी ते कळणार नाही, आणि पूर म्हटला की पहिला प्रश्न कधी हाच येतो. तारीख हवी तर व, म, द हातात पाहिजेत, म्हणजे इंडेक्सचा लूप. कुठला लूप चांगला असं काही नसतं, उत्तरात जागा सांगायची आहे का नुसता आकडा, एवढं बघायचं.

---

कराडकर_कोडर

जागेवरनं आठवलं. एखाद्या वर्षी पाणी पहिल्यांदा ५४० च्या वर कधी गेलं हे शोधायचं असेल तर सापडल्यावर दोन्ही लूपमधून एकदम बाहेर पडायला लागतं. नुसता ब्रेक आतल्यातनंच बाहेर काढतो, महिन्याचा लूप फिरतच राहतो आणि मग शेवटचा सापडलेला महिना हातात येतो, पहिला नाही. पोरं त्यासाठी सापडलं नावाचं बूलियन (खरं की खोटं एवढंच ठेवणारं व्हेरिएबल) घेतात. त्यापेक्षा महिन्याच्या फॉरच्या आधी लेबल टाक, शोध: असं, आणि आत ब्रेक शोध, लिही. माझ्या मते त्याहून बरं म्हणजे त्याची वेगळी मेथड कर आणि सापडल्यावर रिटर्न मार, पण लेबल माहीत असलेलं व्हायवात चमकून जातं.

आणि जावात व्हेरिएबलचं नाव खरंच देवनागरीत चालतं बरं का. पाणी, वर्ष, महिना ही नावं जशीच्या तशी कंपाईल होतात, फाईल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी ठेवणारी अक्षरांची पद्धत) सेव्ह कर, जुन्या जावात कंपाईल करताना पण यूटीएफ-८ सांगायला लागू शकतं. फॉर, इंट, लेंग्थ मात्र इंग्रजीतच पाहिजेत, आणि आकडे पण इंग्रजी.

अजून एक, उभं फिरायचं असेल तर, म्हणजे दर वर्षीच्या १५ ऑगस्टला किती पाणी होतं असं, तर वर्षाचा एकच लूप आणि पाणी[व][२][१४]. महिना २ कारण जून शून्य, दिवस १४ कारण मोजणी शून्यापासून. पण त्याच्या आधी नल आहे का आणि लेंग्थ १४ पेक्षा जास्त आहे का हे दोन्ही तपास, आणि त्याच क्रमानं, उलटं केलंस तर नलचीच लांबी विचारशील. २०१९ ला परत तिथंच मरशील नाहीतर.

---

कंदीपेढा_सातारा

उभं फिरणं आडव्यापेक्षा हळू असतं ना पण? प्रत्येक ओळ मेमरीत वेगळीकडं पडलेली असते म्हणून.

---

कराडकर_कोडर

असतं, पण पाच हजार गुणिले पाच हजारचं चित्र बित्र असेल तेव्हा जाणवतं. ह्याच्या दोन हजार नोंदींना काय उभं नि काय आडवं.

---

आयर्विनचा_पोरगा

सगळ्यांना खूप धन्यवाद. काल रात्री बसून फाईल परत वाचायचा कोड लिहिला, इंट केला, इंचात घेतलं. काउंट १९२६ आला, पहिल्याच झटक्यात नाही, ४३ असं नुसतं फूट लिहिलेल्या ओळींना टिंबच नव्हतं तिथं स्प्लिट एकच तुकडा देत होतं, तो इफ घातला मग आला.

एक गोष्ट मात्र झाली. कमाल पातळी काढली तर उत्तर २०२१ आलं. मला वाटलं परत काहीतरी चुकलं कारण २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आमच्या घराच्या भिंतीवर खूण आहे. अर्धा तास लूप तपासला. मग लक्षात आलं की लूप बरोबर आहे, ते दिवस ॲरेतच नाहीत. आजोबांना विचारलं की पेपरातनं बघून ते आकडे भरू का, तर म्हणाले मी जे बघितलं नाही ते माझ्या वहीत घालू नको. म्हणून ऑगस्ट २०१९ पाचच नोंदींचा ठेवलाय आणि रिपोर्टमध्ये खाली लिहिलंय की नोंद पाच तारखेपर्यंतच.

---

हळद_आणि_हॅशमॅप

बरोबर केलंस. परीक्षक विचारतील तेव्हा पाणी[१४][२].लेंग्थ छापून दाखव, ५ येईल.

---

कराडकर_कोडर

आणि ट्राय कॅच काढलास का?

---

आयर्विनचा_पोरगा

काढला ओ दादा.